तोंडाची पाहणी

तुमच्या पणजीचा एकच फोटो आहे आणि त्यात तिचं तोंड घट्ट मिटलेलं आहे. त्यावरून ती फार कडक असावी, असं तुम्ही मागे फोनवर म्हणालात. ती कडक नव्हती. तिचे दात काळे होते आणि ते फोटोत दिसू नयेत, एवढंच तिला हवं होतं. एरवी ती तोंडभर हसायची.

दात काळे झाले होते ते मशेरीने. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना घासायची. आमचं गाव किन्हवलीच्या बाजूला. तिथल्या बहुतेक बायका सकाळी उठल्यावर मशेरी लावत, शेतात भूक लागली की पुन्हा लावत. मग चिमूटभर ओठाच्या आत तशीच राहू देत. मी मुंबईला कॉलेजात शिकून या घरात सून म्हणून आले, तेव्हा मशेरी भाजण्याच्या वासाने माझं डोकं उठायचं. एक दिवस तवा चुलीवरून मागच्या पडवीत गेला. सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजीने, तो का हलवला, ते त्या कधी बोलल्या नाहीत. मी त्यांना आई म्हणत असे.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर मुंबईहून एक डॉक्टर आले. शहापूर-मुरबाडकडच्या गावांतून फिरून कोण तंबाखू कशी घेतो, त्याबद्दल त्याला काय वाटतं, हे विचारायचं आणि प्रत्येकाचं तोंड आतून बघायचं, अशी ती पाहणी होती. डॉक्टर दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. इंग्रजी येणारी बाई म्हणून मला बोलावणं आलं. तुमचे आजोबा कसाऱ्याला रेल्वेत, आठवड्याने घरी येत. शेती आईच बघत. परक्या पुरुषाबरोबर सुनेने एकटीने हिंडणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्याही बरोबर निघाल्या.

पहिल्या दिवशी आम्ही ओढ्यापलीकडच्या वाडीत गेलो. तिथली माणसं आमच्या शेतावर मजुरीला येत. माझ्याच वयाची एक बाई दरवर्षी आमचं भात कापायची. आम्ही तिच्या अंगणात बसलो. मशेरीला तिकडे कोणी तंबाखू म्हणत नसे, म्हणून मी सरळ मशेरीचंच विचारलं. तिने हसत सगळं सांगितलं. पण तोंड उघडायची वेळ आली तेव्हा पदर तोंडावर गेला.

“परक्या बाप्यासमोर? नाय बा.”

आई पुढे सरकल्या. “अगो, जीव मागतोय का तो? नुसतं तोंड मागतोय. बघ, असं उघडायचं.” आणि त्यांनी आ केला.

“काकी, त्या बिळात घूस तर नाय ना?” ती बाई म्हणाली आणि सगळं अंगण हसलं.

आईंचं मन राखायला डॉक्टरांनी बॅटरी त्यांच्या तोंडात मारली. मग ती तिथून हललीच नाही. खालच्या ओठाच्या आत, चिमूट राहायची तिथे, पांढरा चट्टा होता आणि त्याच्या कडेला कडक झालेली जखम. डॉक्टर हळू आवाजात मला इंग्रजीत म्हणाले, यांना लगेच मुंबईला न्या.

“काय म्हनतो तो?”

मी सांगितलं. आईंनी जिभेने ओठ आतून चाचपला. “दुखत तर नाय.” मग खाली आमच्या शेतांकडे बघून म्हणाल्या, “भात झोडून होऊ दे. मग जाऊ.”

मी विनवलं. तुमचे आजोबा शनिवारी आले, त्यांनी आवाजही चढवला. त्या बधल्या नाहीत. उलट रोज माझ्याबरोबर निघत आणि प्रत्येक अंगणात सगळ्यांच्या आधी स्वतः तोंड उघडत. त्यांच्यामुळेच बायका तयार होत.

भात कापलं, झोडलं, कणगीत भरलं. मग आम्ही त्यांना मुंबईला नेलं. उशीर झाला, असं तिथे म्हणाले. लाईट दिली, म्हणजे किरणांचा उपचार केला, आणि काही दिवसांनी घरी पाठवलं. मी रोज मिठाच्या पाण्याने त्यांचं तोंड धुवायची आणि चमच्याने पेज भरवायची. शेवटी शेवटी बोलता येईना तेव्हा त्यांनी एकदा बोटाने दात घासल्याची खूण केली. मी तवा पडवीतून आत चुलीवर आणला आणि मशेरी भाजली. लावायला त्यांना जमलं नाही. डोळे मिटून नुसता वास घेत पडून राहिल्या. पेरणीच्या आधी त्या गेल्या.

पुढच्या वर्षी भात पिवळं पडायच्या सुमारास डॉक्टर परत आले. त्याच माणसांची तोंडं पुन्हा बघून काय बदललं ते पाहायचं होतं. वाडीत कोणी पुढे येईना.

“नको, वयनी,” तीच बाई दारातून म्हणाली. “काकीचं तोंड बघितलं नि काकी गेली.”

मी खूप समजावलं. शेवटी आईंसारखी अंगणात बसले आणि स्वतः आ केला. एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, “हिचं काय बघायचं? मोगऱ्याच्या कळ्या नुसत्या!” बायका हसल्या, पण तोंड कोणीच उघडलं नाही.

आम्ही निघालो. ओढ्यापाशी ती भात कापणारी बाई मागून आली आणि डॉक्टरांना ऐकू जाणार नाही असं मला बाजूला घेऊन गेली.

“त्याला नाय दाखवायची मी. तू बघ. काकीचं तूच धूत होतीस ना?”

तिने ओठ खाली ओढला. पांढरा चट्टा त्याच जागी होता. जखम नव्हती.

“तसंच हाय?”

“तसंच आहे. पण आईंच्याइतकं वाढलेलं नाही.”

तिने ओठ सोडला, पदराने पुसला आणि खालच्या शेतांकडे बघितलं. “भात झोडून होऊ दे,” ती म्हणाली. “मग जाऊ.”

हे तिने आईंचं ऐकलेलं ध्यानात ठेवलं होतं की तिचं तिलाच सुचलं, मला कळलं नाही. मी तिचा दंड धरला.

“आमचं भात राहू दे. उद्या सकाळच्या एसटीने निघायचं.”

“नि खायचं काय?”

“माझ्या कणगीतून ने.”

ती आली, कारण मी हात सोडला नाही. मुंबईत तिच्याजवळ मीच राहिले. चट्टा कापून काढला. मला शिव्या घालत घालत तिने मशेरी सोडली आणि म्हातारी होईपर्यंत जगली.

मी परतले तेव्हा ओढ्याकडच्या शेतातलं भात उभंच होतं. कापणीला कोणाला बोलावणारं घरात कोणी नव्हतं. पिकून दाणे गळाले होते आणि पाखरं टिपत होती. मी बांधावर बराच वेळ बसले. आईंच्या वर्षी आमचा एक दाणाही वाया गेला नव्हता.