कोंबड्यांच्या पाण्याचा डबा
परवा शहागडच्या पुलापाशी एक मिस्तरी टेम्पोखाली पडून गियरचं ऑईल काढून राह्यला व्हता, त्याचा सडक्या अंड्यावाणी वास आला अन् मला आमची जीप आठवली. माझे मालक वारल्यावर लेक ती चालवायचा, शहागडहून अंबडला सवाऱ्या न्यायचा, अन् घर तिच्यावरच चालायचं. एकदा त्यानं मागच्या एक्सलचं जाड ऑईल गियरबॉक्सात ओतलं, दोन्हीला एकच चालतं असं समजून. दुसऱ्या दिवशी सकाळी गियर पडंना, नुसती करकर. लेक चाकाला टेकून बसला, "माय, गियरबॉक्स गेला. घर बसलं आता." गावातल्या मिस्तरीला बोलावलं. त्यानं ऑईल बोटावर घेऊन पाह्यलं, म्हणला, "गेला न्हाई, ऑईल चुकलं. पहिलं कोणतं टाकत व्हते?" ते मालकालाच ठावं. मला तर वाचता येत न्हाई, पण मालकानं आणलेला गियरच्या ऑईलचा शेवटचा डबा मी फेकला नव्हता. वरून कापून, राखेनं घासून त्यात कोंबड्यांना पाणी ठेवायचे. पाणी सांडून तोच त्याच्यापुढं धरला. मिस्तरी हसला, "मावशी, तुमच्या कोंबड्या लेकापेक्षा हुशार निघाल्या!" त्यानं डब्यावरचा ऑईलच्या जाडीचा आकडा पाहून तसलंच ऑईल आणलं, जाड सगळं काढलं, नवं भरलं. लेकानं गियर टाकला, तो अलगद पडला. तवा कुठं मी सकाळचा चहा मांडला. मग लेकानं तो आकडा बोनटाच्या आतून रंगानं लिहून ठेवला. डबा मातर मी अजून फेकला न्हाई.