मरण आधी की माणूस आधी

माझ्या भावजयीला मुंबईत पुरलं, तेव्हा भाऊ सोडला तर आमच्या माणसांतून मी एकटीच तिथे होते. उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथून कोणी आलं नाही. चुलते म्हणाले, "जाळायची असती तर आलो असतो."

माझा धाकटा भाऊ तेव्हा परळला एका छापखान्यात कामाला होता. बायकोला रक्ताचा कर्करोग झाला. दुखण्यातच ती शेजारणीबरोबर एका ख्रिस्ती प्रार्थना मंडळीत जायला लागली, आणि पुढे त्याच मंडळीतल्या बायांनी तिला इस्पितळात सांभाळलं. डबे आणले, अंग पुसून दिलं, रक्त द्यायला माणसं उभी केली. आमच्याकडून गेले ते फोन. सुट्टी मिळेल तशी मी जात होते, पण महाडहून जाऊन येऊन माणूस किती पुरा पडणार?

मातीच्या वेळी काय करायचं असतं मला ठाऊक नव्हतं. कोणीतरी खुणेनं सांगितलं म्हणून मी मूठभर माती टाकली. पेटीच्या लाकडावर तिचा आवाज झाला. भावाची मुलगी नुकतीच शाळेत जायला लागलेली, माझं बोट धरून उभी होती. तिनं विचारलं, "आत्या, आई उठेल तेव्हा ही माती कोण काढणार?"

भाऊ तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "प्रभू काढंल."

पुढे त्यानंही बाप्तिस्मा घेतला. नोकरी आणि पोर दोन्ही त्याला एकट्याला झेपेना, म्हणून मुलगी माझ्याकडे महाडला आली. मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही. घरात लहान मूल कसं असतं हे मला तिनंच शिकवलं. ती केस विंचरू द्यायची नाही, आमटीतला कढीपत्ता वेचून माझ्या ताटात टाकायची, आणि कुठल्याही जिवापाशी तासन्‌तास बसायची. ओढ्यातला खेकडा कात टाकतो हे तिनं कुठे वाचलं नव्हतं. रिकामी कात हातात घेऊन ती मला विचारायला आली होती, की आतला खेकडा मेला की गेला.

भाऊ महिन्याकाठी येई. दोघं आतल्या खोलीत डोळे मिटून प्रार्थना करत, मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असे. मला त्याचं काही वाटत नसे. उलट बरं वाटे, की पोरीला बापाकडून काहीतरी मिळतंय. रात्री निजताना ती आईशी बोलायची. आज काय शिकवलं, कोण रागावलं, सगळं सांगायची. मी दिवा मालवून बाहेर यायचे.

छापखाना बंद पडल्यावर भाऊ वाडीवर परतला आणि भात-नाचणी करू लागला. वाडीनं त्याला वाळीत वगैरे टाकलं नाही. पाणी बंद केलं नाही, पेरणीला हाताखाली माणसंही मिळत. पण शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर जाते, ती त्याच्या दारावरून सरळ पुढे जाऊ लागली. तरी तो दारात उभा राही. मी एकदा म्हटलं, "आत जा की, कशाला उभा राहतोस?" तर म्हणाला, "लहानपणापासून ज्यांच्या खांद्याला खांदा लावला, ती माणसं जातात ना गं. देवीला नाय, त्यांना बघतो."

मुलगी दहावीला माझ्याच वर्गात आली. विज्ञानाच्या दुसऱ्या पुस्तकाचा पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. मी तो आवडीनं शिकवते. माणसाचा हात, बैलाचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर, चारही दिसायला वेगळे, पण आत हाडांची रचना एकच. मुलांच्या डोळ्यांत ते पहिल्यांदा उमटतं, त्या क्षणाची मी दरवर्षी वाट पाहते. तिच्या डोळ्यांत ते सगळ्यांच्या आधी उमटलं. तिनं मोठ्या कागदावर चारही चित्रं काढली, सारखी हाडं सारख्या रंगानं रंगवली. भात झोडायच्या दिवसांत आम्ही दोघी वाडीवर गेलो, तेव्हा ती गुंडाळी तिनं बापाला दाखवायला बरोबर घेतली.

खळ्यावरून आलेल्या भावानं हात पुसले आणि चित्र ओटीवर पसरून बराच वेळ पाहिलं.

"हाडं झकास काढलीस," तो म्हणाला. "पण खाली काय लिवलंय?"

"सगळ्यांचा पूर्वज एक होता, बाबा."

त्यानं तिला चहा टाकायला आत पाठवलं. मग माझ्याकडे वळला. चिडलेला नव्हता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताय, हे तू शिकवलंस?"

"अभ्यासात आहे. आणि खरंही आहे."

"माकडाचं मला काय नाय. लोकांना वाटतं, आमच्यासारख्यांना माकडाची लाज वाटते. मातीतनं केलं म्हणायला लाज नाय वाटत, तर माकडाची काय वाटायची? माझं दुखणं दुसरंच हाय."

मी म्हटलं, "सांग मग."

"तुझ्या पुस्तकात मरण आधी हाय. माणूस व्हायच्या आधी करोडो वर्षं जीव मरतायत. मेले म्हणूनच पुढचे झाले, असंच ना? म्हणजे मरण हे त्या कारखान्याचं यंत्रच झालं. माझ्या शास्त्रात माणूस आधी. देवानं केलं तेव्हा सगळं चांगलं होतं, मरण नव्हतं. माणूस चुकला, मग मरण घरात शिरलं. चोरासारखं. चोराला बाहेर काढता येतं ताय. पण जो घर बांधणाराच हाय, त्याला कोण बाहेर काढणार?"

मी म्हटलं, "अरे, पण पहिल्या पानावरची गोष्ट ही गोष्ट म्हणूनही घेता येते. सहा दिवस म्हणजे सहा दिवसच, असं कशाला धरायचं?"

"पहिलं पान नुसती गोष्ट म्हटलं, तर शेवटचं पान खरं कशावरून? शेवटच्या पानावर मरण संपतं. ती उठते. मला शेवटचं पान हवंय, म्हणून मी पहिलं सोडत नाय."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. तो आणखी हळू बोलू लागला. "आणि तो शब्द, निवड. जो टिकला तो निवडला, जो दुबळा तो गळला. ती शेवटी तीस किलोची राहिली होती. मी उचलून बाथरूमला न्यायचो. तिला काय निसर्गानं गाळली म्हणू?"

"असं कोणी म्हणत नाही रे," मी म्हटलं. "निवड म्हणजे न्याय नव्हे. काय घडतं एवढंच विज्ञान सांगतं. कोण मोलाचं, कोण नाही, हे ते सांगतच नाही."

"म्हायती हाय. पण मला ऐकू तेच येतं."

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

महाडला परतल्यावर मी आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंपाशी मन मोकळं केलं. त्या वसईच्या, जन्मापासून कॅथलिक. त्या म्हणाल्या, "अहो, मला उत्क्रांती शाळेत फादरांनीच शिकवली. आमच्याकडे हा तंटाच नाही. देवानं केलं हे श्रद्धा सांगते, कसं केलं हे विज्ञान. सगळे ख्रिस्ती एका माळेचे मणी नसतात." मला हायसं वाटलं. मी लगेच भावाला फोन केला, जणू औषध सापडलं होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "भल्या बाई असतील. त्यांचंही बरोबर असेल. पण माझी माणसं ती, ज्यांनी तिचं अंग पुसलं. त्यांनी जसं शिकवलं तसं मी धरलंय. आता त्यातला एक धागा ओढायला मला भ्या वाटतं."

त्या धड्यावरची उत्तरं मुलीनं परीक्षेत चोख लिहिली. विज्ञानात ती शाळेत पहिली आली. मी पेढे वाटले आणि अकरावीच्या प्रवेशाची चौकशी करून ठेवली. पुढे जीवशास्त्र, मग पुण्याला पदवी, असं सगळं मनात मांडलेलं होतं.

एका संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर वाळवण गोळा करत होतो. ती म्हणाली, "आत्या, मी मुंबईला जाते. मंडळीचं वसतिगृह आहे. तिथे राहून बारावी करीन, मग नर्सिंग."

"बाबांनी सांगितलं?"

"नाही. बाबा तर म्हणाले, आत्याला सोडून जाऊ नकोस."

मी कुरडया डब्यात भरत राहिले. मग विचारलंच, "तुला ते चित्र खोटं वाटतं का गं?"

"नाही. म्हणून तर." ती खाली बसली. "तू शिकवतेस तेव्हा मला सगळं पटतं. मग रात्री आईशी बोलायला जाते, तर वाटतं, समोर कोणीच नाही. आत्या, तुझं खरं असेलही. पण तुझ्या खऱ्यात आई कुठेच नाही गं."

मी तिला जवळ घेतलं. तिला सांगावंसं वाटलं, की माझ्या खऱ्यातही तुझी आई आहे. तुझ्या डोळ्यांच्या ठेवणीत आहे, कपाळावर वळणाऱ्या त्या बटेत आहे, आईकडून लेकीकडे येणारं काहीतरी तुझ्या प्रत्येक पेशीत आहे. वर्गात हे मी किती सहज सांगते. पण पेशीत असलेली आई हाक मारली तर ओ देत नाही. त्या पोरीला ओ देणारी आई हवी होती.

तिला पोचवायला भाऊ वाडीहून आला. एसटी स्टँडवर आम्ही तिघं उभे होतो. गाडी लागली, तशी ती माझ्या पाया पडली आणि आत चढली. भाऊ पायरीवर क्षणभर थांबला. "ताय, मी हे मागितलं नव्हतं," म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "जा रे, जागा जाईल." घरी येऊन मी तिची खोली झाडली. झाडण्यासारखं तिथे काही नव्हतं. तिनं जाताना सगळं लखलखीत करून ठेवलं होतं.

ती आता मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका आहे, कर्करोगाच्याच वॉर्डात. फोन करते. मी जेवण, झोप, कामाच्या पाळ्या विचारते. पुस्तकांचं आम्ही बोलत नाही. भावाशीही नाही. वाडीवर गेले की भात किती आला, आंबेनळीच्या घाटात दरड कुठे आली, असलंच बोलणं होतं. तो थकलाय. खोकतो. पोलादपूरला डॉक्टरकडे चल म्हटलं तर हसतो.

धडा मी अजून शिकवते. सोडता येत नाही आणि सोडावासाही वाटत नाही, कारण ते खरं आहे. पण मरणानं जीवन घडत गेलं, हे वाक्य आलं की आवाज जरा खाली येतो. समोरच्या बाकांवर कोणाची आई गेलेली असेल, मला काय माहीत.

यंदा माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ती रजा टाकून आली. भूल उतरत होती, डोळे उघडवत नव्हते, पण हात कुणाच्या हातात आहे ते कळलं. ती पुटपुटत होती. माझं नाव घेऊन मागत होती, की हिला दुखू देऊ नकोस, हिला इतक्यात नेऊ नकोस. मग थोडं थांबून म्हणाली, "आणि नेशील तेव्हा आम्हाला वेगळं ठेवू नकोस."

तेव्हा मला कळलं, की तिच्या शास्त्राप्रमाणे, प्रभूला न मानलेली मी पलीकडे तिच्या बाजूला नसणार. आई असेल, बाबा असतील, मी नसेन. म्हणजे माझ्या खऱ्यात तिला आई सापडत नव्हती आणि तिच्या खऱ्यात मी. हे ओझं ती इतकी वर्षं एकटी वाहत होती, आणि मला तिनं कळू दिलं नव्हतं.

डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं. तिनं ते टिपलं. "दुखतंय का आत्या?" तिनं विचारलं. मी मान डोलावली, आणि ती गोळी मागायला नर्सच्या टेबलाकडे धावली.