कळशीभर पाण्याचं मशीन

मंगलचा फोन आला तेव्हा मी दुधाच्या किटल्या उन्हात पालथ्या घालत होते. "अक्का, हे गेले," एवढंच ती बोलली. तिच्या पुण्याच्या घरात पंखा फिरत होता, त्याचा आवाज फोनमधून येत राहिला... खरं सांगते, रडू यायच्या आधी मला वाटलं, हा पंखा नव्हे, भावजींचं मशीनच फिरतंय. माणूस गेल्याची बातमी अशी वेड्यासारखी डोक्यात शिरते. आता महिना उलटून गेला, तरी दुपारी जरा डोळा लागला की तीच घरघर ऐकू येते आणि मी उठून बसते.

दिगंबरराव माझे धाकटे दीर, मंगल त्यांची बायको. शिकून इंजिनियर झाले आणि पुण्याला डेअरीची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. दुधातून साय वेगळी काढणाऱ्या मशीनचे नकाशे करायचं त्यांचं काम. मी केजजवळच्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा ते कॉलेजात होते, आणि तेव्हापासूनच हा माणूस अर्धा इथं, अर्धा भलतीकडं. जेवायला वाढलं की ताकाच्या वाटीत बोट फिरवून भोवरा करायचे आणि त्याच्याकडं बघत बसायचे. ताटात भाकरी गार. मी लई बोलायचे त्यांना, की भावजी, ताक प्यायचं असतंय, बघून पोट भरत न्हाई. त्यावर हसायचे आणि मलाच शिकवायला लागायचे, की दूध जोरात गरगर फिरवलं की जड दूध कडेला पळतं आणि हलकी साय मधोमध गोळा होते. जत्रेतल्या चक्रीपाळण्यात आपण कसे बाहेरच्या बाजूला ओढले जातो, तसं. मला कळायचं काय नि नाही काय... पण सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मी गुमान भाकरी परत तव्यावर टाकायचे.

मग ते दुष्काळाचं साल आलं. गावात आमची बायकांची दूध सोसायटी होती आणि मी तिची सचिव. निम्मी जनावरं चारा छावणीत गेलेली, दावणीला राहिली त्यांचं दूध आटलेलं. एवढ्याशा दुधासाठी टँकर धाडणं जमणार नाही, असं दूध संघानं कळवलं. सोसायटी बंद पडली तर माझ्यापुढं एकच वाट होती, दसरा झाला की यांच्याबरोबर ऊसतोडीला जायची. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माझी सविता तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. मी गेले की पोरगी फडात येणार आणि तिची पाटी तिथंच फुटणार, हे मला ढळढळीत दिसत होतं. त्या दिवसांत मला घास गोड लागत नव्हता.

भावजींना कळलं तसे ते रजा काढून आले. येताना हातानं फिरवायचं एक मशीन घेऊन आले, स्वतःच नकाशा काढून बनवून घेतलेलं. साय गावातच काढायची, सायीचा कॅन जीपनं केजला धाडायचा आणि सप्रेट दूध, म्हणजे साय काढलेलं, गावात वाटायचं, असं ठरलं. संघानंही मान डोलावली. पहिल्या दिवशी साय अशी घट्ट निघाली की बाया बघतच राहिल्या. भावजी खुशीत पुण्याला गेले. आणि थोड्याच दिवसांत कॅन परत आला, आंबलेला, वास मारणारा. पुन्हा असं झालं तर साय घेणार न्हाई, असा निरोप बरोबर होता.

भावजी पुन्हा एसटीनं आले. म्हणाले, मशीन धुता कसं ते दाखवा. मला राग आला. आमी काय घाणेरड्या हाव का, असं तोंडावर म्हटलं त्यांना. पण दाखवलं. मशीनच्या पोटात नरसाळ्यासारख्या पातळ चकत्यांची चळतच्या चळत होती. एकेक चकती सुटी करून कढत पाण्यानं दोनदा धुवायची, असं त्यांनी सांगून ठेवलेलं. आणि पाणी तर टँकरचं, भांडून मिळवलेलं. शिवाय आमच्यात दुधाच्या भांड्याचं पहिलं धोवण फेकायचं नसतं, ते म्हशीला पाजायचं. धोवण दाट हवं म्हणून आम्ही पाणी बेतानं घ्यायचो आणि त्याच पाण्यात सगळ्या चकत्या, एकीमागून एक, बुचकळून काढायचो. आमच्या लेखी ते स्वच्छच होतं. त्यात साय नासत होती, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

भावजी भर उन्हात म्हशीजवळ बसून तिचं पिणं बघत राहिले, अगदी ताकाच्या वाटीकडं बघायचे तसे. किती वेळ गेला कोण जाणे... सावली पार भिंतीपर्यंत सरकली. मग म्हणाले, "वहिनी, साय किती निघते तेवढंच बघत बसलो मी. धुवायला पाणी कुठून येणार, ते माझ्या कागदावर न्हवतंच."

मशीन घेऊन ते केजला एका लेथवाल्याकडं गेले. बऱ्याच चकत्या काढून टाकल्या, उरलेल्या अंतर ठेवून बसवल्या. आता साय कमी निघायची, थोडी सप्रेटमध्येच राहायची. त्याची त्यांना फार चुटपुट लागली. मी म्हटलं, राहिली तर राहिली, पोरं पितील. पण कळशीभर पाण्यात मशीन लख्ख व्हायचं, म्हशीचं धोवण धरून. कॅन जीपमध्ये चढवला त्या दिवशी मी देवापुढून हलले नाही. तो रिकामा, धुतलेला परत आला. संघानं साय घेतली होती.

दसऱ्यानंतर ऊसतोडीचे ट्रक भरले. हे एकटेच गेले, अर्धा कोयता म्हणून. ट्रक वळणाआड गेला तेव्हा मी सविताचा हात धरून रस्त्यात उभी होते, आणि नवरा चाललाय म्हणून रडावं की मी राहिले म्हणून हसावं, मला सुधरेना. पोरगी मात्र शाळेला उशीर होतोय म्हणून हात ओढत होती.

तसल्या मशीनचा नकाशा भावजींनी कारखान्यात मांडला. साय पुरती काढत नाही, मग कशाला बनवायचं, म्हणून साहेबांनी तो बाजूला ठेवला. पुढं सगळा जन्म त्यांनी मोठ्या डेअऱ्यांची मोठी यंत्रं केली. वाईट वाटलं असणार, पण बोलले कधी नाहीत. मला त्यांचा अजून राग येतो, की माणसानं थोडं तरी भांडावं.

दिवसकार्याला मी पुण्याला गेले. तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलनं तापलेलं दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं. रिकाम्या पातेल्यात घोटभर पाणी घालून खळबळलं, ते पेल्यात ओतलं आणि पेला ओट्याच्या कडेला ठेवला. नळाला धो धो पाणी होतं. हे कावून गं, मी विचारलं. ती आपल्याच हाताकडं बघत राहिली.

"रोज उभ्यानं प्यायचे हे," ती म्हणाली. "मी चिडले की म्हणायचे, इथं म्हैस न्हाई ना."

आणि तिनं तो पेला मोरीत ओतायला उचलला. मी तिचा हात धरला, पेला काढून घेतला. कोमट, पांढुरकं पाणी... ओट्याशी उभी राहून मी ते सगळं प्याले.