पन्नास सालचा दाखला

भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनच्या धगीत माझी सारी नोकरी गेली. कारखाना केंद्र सरकारचा. भरतीच्या वक्ताले साहेबानं माझा जातीचा कागद पाहिला, शिक्का मारला, विषय संपला. आता नातीले इथल्या सरकारी नर्सिंग कॉलेजात राखीव जागा पाहिजे होती, तर राज्याच्या कचेरीतला बाबू म्हणते, हा कागद इथं चालत नाही.

"केंद्रात चालला, मग तुमच्याकडे कावून नाही?"

"वो दिल्ली का मामला है, दादाजी. हमारे यहाँ सन पचास का कागज लगता है, कि बाप-दादा तब यहीं के थे. आप तो महाराष्ट्र के हो."

महाराष्ट्रात, माझ्या गावच्या जिल्ह्यातही जाऊन आलो होतो. भंडाऱ्याचा बाबू म्हणाला, "कागद देऊ हो, पण तुमच्या राज्यात तो कोणी धरणार नाही."

मी चौथी शिकलेला माणूस, पण उत्तर माझ्या खिशात होतं. मोठ्या भावाचा शाळेचा दाखला, पन्नास सालचा. वर छापलेलं मध्यप्रदेश, खाली गाव अन् जात. तवा आमचं गाव अन् हे दुर्ग एकाच राज्यात होतं, राजधानी नागपूर. दुर्गचे लोक हायकोर्टाच्या तारखेले तिकडं येत. मग छप्पन साली वरच्या लोकांनी रेघ ओढली, आमचं गाव तिकडं, दुर्ग इकडं. आमाले विचारलं नाही. मी भिलाईले आलो तो त्याच्या कितीतरी नंतर.

बाबूनं दाखला चष्म्याजवळ नेला. "ये तो मराठी में है."

"मग? तवा तुमचंच सरकार मराठीत लिहीत होतं."

लाइनीतला एक जण हसला. बाबू नाही हसला. आवाज उतरवून म्हणाला, "शपथपत्र दे दो, कि पिताजी पचास में दुर्ग में मजदूरी करते थे. कौन देखने जाता है?"

संगं पोरगा अन् नात होते; पोरानं तर खिशातून पेनही काढला.

माझा बाप त्या गावात मेली ढोरं ओढत होता. विहिरीजवळ घागर ठेवून उभा राहायचा, कोणाले दया येईन तवा पाणी. जात आमाले त्या गावानं लावली, दुर्गानं नाही. आता बाबूच्या सोयीसाठी त्या गावाले मोकळं सोडू? मी दाखल्याची घडी घातली. "सही करत नाही," म्हटलं.

ऑटोनं सुपेल्याले घरी आलो. उतरताना नात म्हणाली, "आबा, एक सही तर होती."

"खोटी होती."

"माझी जागा तर खरी होती ना."

कॉलेजचा फारम भरायची तारीख निघून गेली. नात आता घरात हिंदीच बोलते, माझ्याशीही. पोरगा माझ्यासंगं जेवायले बसत नाही. मी दर सोमवारी कचेरीत जातो, तोच दाखला टेबलावर ठेवतो. बाबू मान वर न करता म्हणते, "फिर आ गए." मी खुर्ची ओढून बसतो.

पुढच्या साली पुन्हा फारम निघतीन. नात तवा माझ्यासंगं कचेरीत येईन का, विचारलं नाही. विचारणारही नाही.