बाबांचा आवाज कुठे ठेवला?

माझ्या नवऱ्याला गल्लीत सगळे खटपट्या म्हणतात आणि त्याला त्याचं जराही वाईट वाटत नाही. जाहिरातींना, शाळेच्या नाटकांना, नाचाच्या क्लासला संगीत करून देणं हा त्याचा धंदा. घराची मागची खोली म्हणजे त्याचा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, खिडकीला दुहेरी पडदे, आणि दारावर पाटी: ‘लाल दिवा लागला असेल तर शिंकूसुद्धा नये.’ तिथे बसून तो गाणी कमी आणि आवाज जास्त गोळा करतो. फ्रिजची घरघर, माझ्या शिलाई मशीनची टकटक, शेजारच्या वकीलबाईंचं फाटक, सगळं त्याच्या कॉम्प्युटरवर जमा. फोल्डरांची नावं तर विचारूच नका. ‘रुसलेलं फाटक’, ‘जिना उतरणारा जाडा’, ‘बायको चिडली’. या शेवटच्यात भांडी आपटल्याचे आवाज आहेत. ते एका जाहिरातीत वाजलेही, मला न विचारता.

ज्याला स्वतःचा दुसरा मोजा सापडत नाही तो माणूस हे फोल्डर मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. पूर्वी एकदा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली आणि त्याची अर्धी मांडणी उडाली. तेव्हापासून ‘अपडेट’ म्हटलं की तो कानांवर हात ठेवायचा. पण यंदा गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या फायली जुन्या आवृत्तीत उघडेचनात. आता मात्र सुटका नव्हती.

या वेळी त्याने तयारी केली. सगळे फोल्डर सॉफ्टवेअरच्या जागेतून उचलून बाहेर, स्वतःच्या जागेत नेले. म्हणाला, “दुसऱ्याच्या घरात सामान ठेवलं की रंगकाम काढताना तो ते फेकून देतो.” मग एका वेगळ्या डिस्कवर सगळ्याची नक्कल केली, प्रत्येक वाद्याची सेटिंग्ज नाव देऊन सेव्ह केली, पडद्याचे फोटोसुद्धा काढले. आमच्या लग्नात त्याने एवढी तयारी केली नव्हती.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर रेल्वे स्टेशनवर घोषणा करायचे. त्यांचा आवाज एवढा भारदस्त की उशीर झालेली गाडीसुद्धा त्यांनी सांगितली की प्रवाशांना पटायची. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि उरला तो पिचका आवाज, त्यात हवाच जास्त. तेव्हापासून त्यांच्या तोंडाला कुलूप. मीठ कमी असेल तर बोटं चोळून दाखवतात, फोन वाजला की उठून बाल्कनीत जातात.

बोलतात ते फक्त स्टुडिओत, कानाला हेडफोन लावल्यावर. माइकमधून आत गेलेला आवाज भरीव होऊन कानात यावा अशी बटणं नवऱ्याने खपून जुळवली होती, त्यामुळे हेडफोनमध्ये बाबांना त्यांचा जुना आवाज ऐकू यायचा. अंध मुलांच्या वाचनालयासाठी ते गोष्टी वाचतात. दारात उभी राहिले की मला खोलीतला पिचका आवाजच ऐकू येतो, पण बाबांच्या चेहऱ्यावर स्टेशनचा सगळा रुबाब असतो. तो बघायला मी मुद्दाम उभी राहते.

नवी आवृत्ती बसली. फाटक रुसलेलंच होतं, बायको चिडलेलीच होती, काही म्हणजे काही हरवलं नव्हतं. खुशीत येऊन नवऱ्याने बाबांना बोलावलं. त्यांनी हेडफोन लावले, “नमस्कार, मुलांनो,” एवढं म्हटलं आणि थांबले. मग हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले आणि बाल्कनीत निघून गेले.

“काय झालं?” मी विचारलं.

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं. “ती जुळणी मी वेगळी सेव्हच केली नव्हती गं. सॉफ्टवेअर उघडलं की जे कोरं पान समोर येतं, त्यातच बसवली होती. रोज डोळ्यांसमोर असायची, म्हटलं ही कुठे जातेय! नव्या आवृत्तीने स्वतःचं कोरं पान आणलं, त्यावर काहीच नाही.”

“माझी भांडी नाव देऊन जपलीस आणि बाबांचा आवाज राहिला?” मी खरंच चिडले होते. बोलून गेले आणि मग त्याच्याकडे बघवेना.

तो दुपारभर अंदाजाने बटणं फिरवत बसला. बाबांना विचारायला गेला तर त्यांनी ‘राहू दे’ असा हात केला. मला ते आजारपणाचे दिवस परत आल्यासारखं वाटलं.

“निदान त्यांची एखादी जुनी गोष्ट तरी लाव,” मी म्हटलं. “तेवढा तरी जुना आवाज ऐकू दे.”

त्याने दीपगृहवाल्याची गोष्ट उघडली आणि आ वासून बघत राहिला. गोष्टीच्या पानावर सगळी बटणं जिथल्या तिथे, रांगेत. प्रत्येक गोष्ट त्याच जुन्या कोऱ्या पानावर सुरू झालेली, त्यामुळे प्रत्येकीने ती जुळणी सोबत घेतली होती. त्याने आधी ती ‘बाबा’ या नावाने सेव्ह केली, स्वतःच्या जागेत, मग डिस्कवर, मग पुन्हा एकदा डिस्कवर.

बाबा यायला तयार नव्हते. मी हाताला धरून आणलं. हेडफोन लावून ते माइकमध्ये हळूच खाकरले आणि मग ताठ बसले. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चुकलेली गाडी फलाटावर परत आली आहे. चालकाने यापुढे डबे नीट जोडावेत.”

चालक डोळे पुसत हसत होता.

मग काही बाबा हेडफोन काढेनात. जेवायला हाका मारल्या, ऐकूच येईना. शेवटी मीच माइकसमोर वाकले. “जेवण थंड होत आहे. प्रवाशांनी त्वरित यावे.” माझा आवाज त्यांच्या कानात त्यांच्यासारखाच जाडाभरडा झाला असणार, कारण ते पोट धरून हसले.

“सूनबाई, तुला स्टेशनवर नोकरी पक्की,” ते म्हणाले. मी हेडफोन काढून घेतले तरी त्यांचं बोलणं सुरूच. नोकरीत आधी काय शिकावं लागतं, कोणत्या गाडीचं नाव घेताना श्वास कुठे घ्यायचा, हे सगळं हात धुताना आणि नंतर जेवतानाही. पिचका आवाज, तोंडात घास. हेडफोन माझ्या खुर्चीच्या पाठीला लटकत होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि दोघांनीही मान खाली घालून जेवण सुरू ठेवलं.