अठरा इंचांचा माणूस

मंदी आली तेव्हा मी दुबईत स्टेडियमच्या खुर्च्या मोजत होतो. आमच्या कन्सल्टन्सीतली निम्मी टेबलं रिकामी झाली होती. उरलेल्यांपैकी पुढचा नंबर कुणाचा, ते महिनाअखेरीस कळणार होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की करामा भागातलं बिऱ्हाड उचलायचं.

अशात अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल स्टेडियमच्या डागडुजीचं काम आलं. हा फुटबॉल हातात धरून पळतात, ते एक सोडा. पण कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला लाखावर माणसं बसतात म्हणे! माझी बेरीज मात्र सत्त्याऐंशी हजारांवर अडली. उरलेली माणसं मी कुठे सांडली, काही कळेना.

"हबीबी, टुमॉरो मॉर्निंग फायनल नंबर," आमचा लेबनीज मॅनेजर म्हणाला. "नो नंबर, खलास."

नकाशे पुन्हा उलगडले, तेव्हा दिसलं की तिथे खुर्च्याच नव्हत्या. ॲल्युमिनियमचे लांबच लांब बाक, आणि दर अठरा इंचांवर एकेका जागेचा आकडा. मी सवयीने एकवीस इंची खुर्ची धरून बसलो होतो. पण अठरा इंचांत धट्टाकट्टा अमेरिकन मावेल कसा? चूक त्यांचीच आहे, उद्या तसं ठणकावून लिहायचं, असं ठरवून मी संध्याकाळी घरी आलो.

हॉलच्या फरशीवर अठरा इंच अंतर ठेवून दोन चिकटपट्ट्या लावल्या आणि मधे बसलो. दोन्ही गुडघे पट्ट्यांबाहेर.

"बघ! मी म्हणत नव्हतो?"

बायको कणीक मळता मळता बाहेर आली. "अहो, मांडी कशाला घातलीये? ती माणसं काय पंगतीला बसणार आहेत?"

लेक हसून लोळायचीच बाकी होती. "बाबा, जस्ट सिट नॉर्मली!"

पट्ट्यांमधे स्टूल ठेवून बसलो. मावलो, पोटासकट. लाजही वाटली आणि इतकं हायसंही वाटलं, की माझंच हसू मला आवरेना.

सकाळी लाखावरचा आकडा दिला. महिनाअखेरीस काढलेल्यांची यादी लागली, तीत मी नव्हतो. जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

"राहिलो गं."

पलीकडून बराच वेळ नुसते हुंदके आले. मग ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं नव्हतं. पोरीच्या शाळेत मी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज देऊन ठेवला होता. आत्ताच जाऊन परत घेते."