बायनाबाईच्या राशीवरचं गाणं

चारठाण्याची बायनाबाई ओरडली की तिसऱ्या शेतातला बैल मान वर करायचा. तोच गळा तिच्या आदिनाथला मिळाला आणि तो परभणीच्या हार्ड रॉक बँडमध्ये गायला लागला. नव्या गाण्याच्या व्हिडिओसाठी त्यानं दोस्तांना शेतात आणलं, तर सगळे बुटांसकट सोयाबीनच्या राशीवर चढले. कॅमेरा सुरू होता.

“उतरा खाली! लक्ष्मीवर बूट घालून नाचायलाव व्हय रे, मुडद्यांनो?”

गिटारवाला घसरतच खाली आला.

महिन्यानं गाणं निघालं. सुरुवातीलाच बायनाबाईची आरोळी, मग ड्रम. आई चिडणार म्हणून आदिनाथ मोबाईल देऊन दारातच थांबला. तिनं शेवटपर्यंत पाहिलं.

“गाणं काई कळलं न्हाई,” ती म्हणाली, “पर समदे अनवाणी नाचलाव. लय झालं.”